न फुटलेला पाइप



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण, लोकशाही असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. आजच्या आमच्या विषयाला तसा भारदस्तपणा नाही. जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली रबराचे पाच-सात पाइप असतात. इंजिनाला गार ठेवणारे पाणी त्यांतून फिरते. त्या पाइपांविषयी, आणि त्यांतही टर्बो बसवलेल्या जुन्या गाड्यांतील पाइपांविषयी, आम्ही बोलणार आहोत. विषय लहान आहे, हे खरेच. पण संसारात काही गोष्टी अशा असतात की त्या लहान म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहत नाही म्हणूनच त्यांचे नुकसान मोठे होते. पाइपाची गोष्ट अशांपैकी एक आहे.

चाकूर हे रस्त्यावरचे गाव. तुळजापूरहून निघून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा विदर्भाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आपल्या दारावरून जातो. मोठा दवाखाना म्हटला की लातूर नाही तर नांदेड गाठावे लागते. मुलांचे शिक्षण लातूरला, बाजाररहाट लातूरला, आणि लग्नसराई नेमकी वैशाखातल्या उन्हात. ही सारी जा-ये ज्या गाड्यांवर चालते त्या बहुधा नव्या नसतात. पुण्यात बनलेली टाटांची सफारी १९९८ साली बाजारात आली, नाशकात बनलेली महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ साली आली. दोन्हींची डिझेल इंजिने टर्बोची. त्या वेळी शहरात कोणी हौसेने घेतलेली गाडी दोन-तीन हात बदलून आज आपल्या तालुक्याच्या गावात उभी असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पण तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षे वाढवून घेता येते. त्यामुळे या गाड्या अजून धावत आहेत, आणि धावाव्यातही. त्यांची इंजिने दणकट आहेत. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. इंजिन वीस वर्षे चालले म्हणून त्याच्या अंगावरचे रबरही वीस वर्षे चालेल, असा काही करार नाही. लोखंड झिजते ते चालण्याने. रबर म्हातारे होते ते नुसत्या काळानेही.

प्रथम हे पाइप करतात काय, ते पाहू. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. दुसरा एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो, आणि तो तेथून काढून घेतला नाही तर थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसेल. हे काढून घेण्याचे काम पाण्याचे. पंप पाण्याला इंजिनाच्या पोटातून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या जाड पाइपाने रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने पुन्हा इंजिनात येते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान तापले की ती उघडते. याखेरीज हीटरकडे जाणारे दोन बारीक पाइप, बायपासचा आखूड पाइप, काही गाड्यांत ऑइल कूलरकडे आणि टर्बोकडे जाणारे पाइप, अशी उपशाखांची मांडणी असते.

कोणी विचारील, एवढ्या महत्त्वाच्या कामाला रबर कशासाठी? सरळ लोखंडाचाच पाइप का बसवू नये? त्याचे कारण असे की इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि चालताना ते सतत थरथरते. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो. एक हलणारा आणि एक न हलणारा, अशा दोघांना जोडणारा दुवा ताठ असून चालत नाही. तो लवचिकच हवा. घरातही हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या माणसांच्या मध्ये जो असतो त्याच्यावरच सगळा ताण येतो, तसे या पाइपांचे आहे.

दुसरी गोष्ट दाबाची. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी शंभर नव्हे, तर सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. इंजिनाला एवढ्यावर भागत नाही. म्हणून पाण्यात कूलंट मिसळतात आणि रेडिएटरला स्प्रिंगचे झाकण लावून आतला दाब वाढू देतात. निम्मे कूलंट, निम्मे पाणी आणि चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब, एवढे जमले की ते मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत सहसा उकळत नाही. म्हणजे ज्या पाइपाला आपण पाण्याची साधी नळी समजतो, त्याच्या आत शंभर अंशांच्या आगेमागे तापलेले, दाबाखाली कोंडलेले पाणी असते. गाडी तापते तेव्हा पाइप फुगतो, निवते तेव्हा बसतो. दिवसातून चार वेळा म्हटले तरी वर्षाला हजारावर वेळा हा श्वासोच्छ्वास चालतो.

आता टर्बोकडे वळू. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याने इंजिनात जास्त हवा दाबून भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. साध्या मोटारीत टर्बो बसवून विकण्याचा उद्योग अमेरिकेत १९६२ साली सुरू झाला, आणि आपल्याकडे तो डिझेल गाड्यांबरोबर घरोघर आला. त्यात फायदा उघड आहे. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम निघते. पण फुकट काही मिळत नाही. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेते. गाडी भरून चढ चढत असेल तर त्यातून जाणारा धूर सातशे अंशांच्या घरात असतो. जास्त हवा, जास्त डिझेल, म्हणून जास्त उष्णता; आणि हे सारे तेवढ्याच जागेत. ज्या बिनटर्बोच्या गाडीत पाइपाच्या शेजारी केवळ गरम हवा होती, तेथे आता निखाऱ्यासारखा तापलेला बिडाचा गोळा आहे.

त्यात आपली एक सवय भर घालते. भरधाव आलेली गाडी आपण दारात थांबवतो आणि तत्क्षणी चावी फिरवतो. इंजिन थांबले की पंप थांबतो, पंखा थांबतो, समोरचा वाराही थांबतो. टर्बोत साठलेली उष्णता मात्र थांबत नाही. ती आसपासच्या तेलात, पाण्यात आणि रबरात शिरते. गाडी चालू असताना सोसावा लागत नाही एवढा ताप त्या पाइपांना गाडी बंद केल्यावरच्या दहा मिनिटांत सोसावा लागतो. लांबच्या प्रवासानंतर इंजिन एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवून मग बंद करावे, असे जाणते ड्रायव्हर सांगतात त्याचे मर्म हेच.

रबर म्हातारे होते म्हणजे काय होते, हेही पाहिले पाहिजे. चार्लस गुडइयर यांनी १८३९ साली गंधक घालून रबर भाजण्याची रीत शोधली आणि रबराला उपयोगी वस्तूची योग्यता आली. आजचे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात आणि त्यांच्या पोटात सुताची जाळी विणलेली असते. हे रबर ऊन, वारा आणि गरम पाणी चांगले सोसते. त्याला सोसत नाही ते तेल. इंजिनाच्या सांध्यातून पाझरलेले तेल पाइपावर ठिबकत राहिले तर रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचा जीव जातो. आपल्याकडील जुन्या लोकांना मोट आठवत असेल. तिची चामड्याची सोंड वाळून तडकू नये म्हणून तिला तेल देऊन मऊ ठेवावे लागे. चामड्याला जे औषध ते या रबराला विष, एवढा फरक लक्षात ठेवावा. मोटेचा नाडा विरू लागला की तो तुटण्याची वाट कोणी शहाणा शेतकरी पाहत नसे. भरली मोट विहिरीत कोसळली तर बैलांचे आणि माणसाचे काय होईल, हे त्याला ठाऊक होते. तो शहाणपणा मोटेबरोबर विहिरीत गेला की काय, अशी शंका कधीकधी येते.

खरी फसवणूक पुढेच आहे. पाइप बाहेरून काळाभोर आणि धडधाकट दिसतो, आणि आतून सडलेला असतो. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, इंजिन ओतीव लोखंडाचे आणि मध्ये कूलंटचे पाणी. ही झाली एक लहानशी बॅटरीच. या विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने पाइपाच्या आतल्या अंगाला, विशेषतः टोकांपाशी, लांबट बारीक चिरा पडतात. चिरांतून पाणी सुताच्या जाळीपर्यंत पोहोचते, सूत कुजते, आणि एके दिवशी दाब वाढला की पाइप लांबीत उकलतो. वरून पाहून हे कळत नाही. हाताने कळते. इंजिन पूर्ण गार असताना पाइपाचा मधला भाग बोटांनी दाबावा, आणि मग क्लिपेपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतला भाग दाबावा. टोकाशी तो स्पंजासारखा पिचपिचीत लागला, किंवा आत भेग असल्यासारखी जाणवली, तर त्याचे दिवस भरले. उलट तो लाकडासारखा कडक झाला असेल, दाबताच करकर वाजत असेल, तरीही भरले. क्लिपेच्या कडेला पांढरा, हिरवा किंवा गुलाबी खार साचला असेल तर तेथून पाणी पाझरते आहे. कोठे फुगवटा असेल, पट्टा किंवा पत्रा घासून खाच पडली असेल, तर आणखी तपासण्याची गरजच नाही.

येथे आम्हाला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. ही परीक्षा आपल्या गावचा चांगला मिस्त्री दोन मिनिटांत करतो. तो मालकाला सांगतो, "साहेब, पाइप बदलून घ्या, म्हातारे झालेत." मालक वाकून पाहतो. पाइप शाबूत दिसतो. तो मनात म्हणतो, याला बिल वाढवायचे आहे, आणि तोंडाने म्हणतो, "राहू द्या, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी मिस्त्री सांगण्याचेच सोडून देतो, कारण विनाकारण संशय कोणाला हवा असतो? अशा रीतीने ज्ञान एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे राहतो. मध्ये विश्वासाचा पाइप असतो, आणि तोही आतून सडलेला.

फुटलेल्या वस्तूला पैसे देण्यास आपण कोणी मागेपुढे पाहत नाही. कारण नुकसान डोळ्यांना दिसते. न फुटलेल्या वस्तूला पैसे देणे मात्र जिवावर येते; कारण टळलेले नुकसान कोणालाच दिसत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण लहान मुलांना शिकवतो आणि स्वतः कुदळ घेऊन तहानेची वाट पाहत बसतो. हिशेब तर सरळ आहे. पाइपांचा संच, नव्या क्लिपा, कूलंट आणि मजुरी हे सारे सामान्यतः काही हजारांत बसते. पाइप फुटून गाडी तशीच पुढे रेटली तर हेड वाकते, गॅसकेट जाते. त्याचा खर्च याच्या कितीतरी पट. इंजिनच जाम झाले तर जुन्या गाडीच्या किमतीइतका खर्च अंगावर येतो, आणि गाडी भंगारात जाते. हा झाला पैशाचा हिशेब. पण गाडीत मागच्या सीटवर प्रसूतीच्या कळा सोसणारी लेक असेल, किंवा छातीत दुखणारे वडील असतील, आणि दुपारी दोनच्या उन्हात पाइप लातूरच्या अलीकडे फुटला असेल, तर तो हिशेब रुपयांत होत नाही.

तेव्हा नियम कोणता धरावा? आमच्या मते नियम किलोमीटरांवर नव्हे तर वर्षांवर धरावा. पाइपाला चार-पाच वर्षे झाली की दर उन्हाळ्याच्या आधी त्याची हाताने परीक्षा व्हावी. दहा वर्षे झालेला पाइप, तो कितीही चांगला दिसो, बदलावाच. जुनी गाडी नव्याने विकत घेतली आणि पाइप कधी बदलले ते विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर ते कधीच बदलले नाहीत असे धरून चालावे. आणि बदलावयाचे तर सगळे एकदम बदलावेत. एकाच वयाचे, एकाच तापात राहिलेले पाइप. त्यांतला एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत असे समजावे. पुष्कळदा वरचा-खालचा जाड पाइप बदलला जातो आणि हीटरचे, बायपासचे, टर्बोच्या मागचे बारीक पाइप हात पोहोचत नाही म्हणून तसेच राहतात. पाणी मात्र जाड-बारीक असा भेद करीत नाही. ते बारीक पाइपातूनही तितकेच वाहून जाते. रेडिएटरचे झाकण आणि थर्मोस्टॅट ही दोन्ही त्याच वेळी पाहून घ्यावीत. गाडी निवल्यावर एखादा पाइप चपटा होऊन बसत असेल तर बहुधा दोष झाकणाच्या झडपेत असतो. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारे हवेचे पाइपही तपासावेत. ते उलले तर इंजिन तापत नाही, पण धूर काळा होतो आणि गाडीचा दम जातो.

प्रत्यक्ष काम कसे व्हावे, हे मालकानेही जाणून असावे. म्हणजे चांगल्या कामाची कदर करता येते. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. गरम असताना झाकण उघडले की दाबाखालचे पाणी क्षणात उकळून वर उसळते, आणि तोंड, हात भाजतात. पाणी काढताना ते घमेल्यात धरावे. गटारात किंवा अंगणात सोडू नये. कूलंटमधले ग्लायकॉल गोडसर असते आणि विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात आणि दगावतात. लहान मुलांच्या हाती तर ते लागूच देऊ नये. जुना पाइप चिकटून बसला असेल तर तो पिरगाळून ओढू नये. रेडिएटरची तोटी पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकची असते. ती एकदा तुटली की पाइपाच्या कामाला रेडिएटरची किंमत लागते. पाइप जायचाच आहे, तो ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढावा. तोटीवरचा खार बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करावा. नवा पाइप सरकत नसेल तर तोटीला कूलंट किंवा साबणाचे पाणी लावावे; ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण तेल हे या रबराचे वैरी, हे आपण पाहिलेच.

नवा पाइप त्या गाडीसाठी साच्यात वळवून बनवलेलाच घ्यावा. सरळ पाइप कापून वाकवला तर वळणावर तो मुडपतो आणि पाण्याची वाट अडते. तोटीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे क्लिप यावी, उंचवट्यावर नव्हे. स्क्रूची क्लिप जीव तोडून आवळू नये. ती रबरात रुतून पाइप कापते. स्प्रिंगची क्लिप कंपनीनेच दिलेली असेल तर तीच प्रकाराची वापरावी. रबर फुगो वा बसो, तिची पकड कायम राहते. सर्व बसवल्यावर मिश्रण हळूहळू भरावे, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू करावे आणि आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्यावी. जेथे हवा अडकते तेथे पाणी पोहोचत नाही, आणि नव्या पाइपांची गाडीही मग तापते. दोन-चार दिवस चालवून, गार असताना, पातळी आणि क्लिपा पुन्हा एकदा पाहाव्यात. काम झाल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या अंगाला लिहून ठेवावी; पुढच्या मालकाचेही भले होते.

पाण्याविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज मराठवाड्यात हा विषय पुरा व्हावयाचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले. अशा मुलखात आपण मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये ओततो, यात नवल नाही. पण आपल्या बोअरचे पाणी खडकातले क्षार घेऊन येते. चहाच्या पातेल्याला जी पांढरी खपली धरते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. वाट अरुंद होते, ताप वाढतो, दाब वाढतो, आणि शेवटी तो निघतो सर्वांत कमजोर पाइपातून. म्हणून तयार मिसळलेले कूलंट, किंवा घट्ट कूलंटमध्ये शुद्ध केलेले, बॅटरीत घालतात तसले पाणी, हेच वापरावे. एका गाडीला लागते ते सात-आठ लिटर मिश्रण. ते काही फार नव्हे.

इतके करूनही वाटेत पाइप फुटलाच तर? बॉनेटमधून वाफ दिसली, की गोडसर वास आला, की बाजूला घेऊन इंजिन तात्काळ बंद करावे. येथे एक फसवा प्रकार लक्षात ठेवावा. तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला आणि मग आपोआप खाली आला, तर गाडी निवली असे समजू नये. पाणीच संपल्यामुळे ते मोजणारे यंत्र कोरडे पडलेले असते, आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त जळत असते. "एवढे दोन किलोमीटर जाऊ द्या, पुढे गॅरेज आहे," या दोन किलोमीटरांनीच पुष्कळ इंजिने गेली आहेत. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, धातू तडकतो. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबावे. पाइप टोकाशी फाटला असेल आणि लांबी पुरत असेल, तर तेवढे टोक कापून पुन्हा बसवता येते. मधोमध फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून, झाकण सैल ठेवून म्हणजे दाब वाढू न देता, हळूहळू जवळच्या गावापर्यंत जाता येते. पण ही मलमपट्टी आहे, उपचार नव्हे. ट्यूबची पट्टी गुंडाळलेली गाडी पुढे वर्षभर तशीच फिरते, तेव्हा आपण मिस्त्रीच्या हुशारीचे कौतुक करतो. ते कौतुक त्याने वेळेवर दिलेल्या सल्ल्याचे आधी व्हावयास हवे होते.

बंधुभगिनींनो, आपण वापरतो ती बहुतेक यंत्रे आपण शोधलेली नाहीत. पण ती सांभाळण्याची बुद्धी उसनी आणता येत नाही. ती ज्याची त्यालाच जोपासावी लागते. गाडी धुऊन, आरशाला हार घालून, बॉनेटवर कुंकवाचे बोट लावून आपण तिची पूजा करतो, त्याला आमचा विरोध नाही. वर्षातून एकदा, उन्हाळा तोंडावर आला की, तेच बॉनेट उघडून ते पाच-सात पाइप हाताने दाबून पाहावेत, आणि मिस्त्री "बदला" म्हणाला तर त्याचे ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे. वैशाख लागण्यास अजून थोडे दिवस आहेत, आणि लग्नाच्या तिथी तर आपण सर्वांनी पाहूनच ठेवल्या आहेत.